डौलदार अक्षर आणि त्याची जागा



ज्यांच्या स्मरणार्थ रोहण्यात ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी दोन पिढ्यांना कित्त्यावर बसवलं. त्यांच्या नावानं बोलायचं तर अक्षराबद्दल बोलावं, असं मी ठरवलं. पण आज हस्ताक्षर हा विषय नाही. विषय आहे छापील अक्षर, आणि त्यातही एका घराण्याचं अक्षर. ज्यात जाड रेघ चांगली भरदार असते आणि बारीक रेघ अगदी केसाएवढी, असं डौलदार अक्षर. युरोपात या घराण्याची थोर नावं म्हणजे इटलीचा बोडोनी आणि फ्रान्सचं दिदो कुटुंब. तिकडच्या फॅशनच्या मासिकांची नावं आजही याच वळणात छापली जातात. आपल्याकडे हा मान मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांना द्यावा लागेल.

आता कुणी म्हणेल, हा विषय शहरातल्या चित्रकलेच्या कॉलेजचा. रोहण्याच्या कास्तकाराला त्याचं काय? मी उलट विचारतो. सातबारा कोण वाचतं? कापसाच्या काट्यावरची पावती कोण वाचतं? बियाण्याच्या पिशवीवरचा, फवारणीच्या बाटलीवरचा बारीक मजकूर कुणासाठी छापलेला असतो? मुलीच्या लग्नाची पत्रिका कुठलं अक्षर लावून छापायची, हे पुलगावच्या प्रेसमध्ये उभं राहून कोण ठरवतं? तुम्हीच ठरवता. अक्षर निवडण्याचं काम एके काळी छापखान्यातल्या चार माणसांचं होतं. आज ज्याच्या हातात मोबाइल आहे तो प्रत्येक जण ते करतो. म्हणून हा विषय मला सगळ्यांचा वाटतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. डौलदार अक्षर ही चैन नाही, ते मराठी छपाईचं कमावलेलं धन आहे. पण ते हवं तिथे, हवं तेवढं आणि हव्या त्या कागदावरच शोभतं. आपल्या आधीच्या कारागिरांना हे हाताला माहीत होतं. मधल्या काळात आपण ते विसरलो आणि मग अक्षरालाच नावं ठेवू लागलो.

आधी हे जाड-बारीक येतं कुठून ते पाहू. ते शोभेसाठी लावलेलं नाही. ते हत्यारातून आलं आहे. बोरूचं टोक चपटं आणि तिरपं छाटलेलं असतं. हात फिरवला की एका दिशेला टोकाच्या पूर्ण रुंदीची रेघ उमटते आणि दुसऱ्या दिशेला नुसत्या धारेएवढी. दाब द्यायचा नाही, बोरू बोटांत फिरवायचा नाही. दिशा बदलली की जाडी आपसूक बदलते.

(इथे वक्त्यांनी मोठ्या कागदावर बोरूनं अक्षर काढून दाखवलं.)

हा 'व' पाहा. शिरोरेघ भरीव, दंड भरीव. दंडापासून निघालेलं पोट डावीकडे खाली उतरतं, त्या खांद्यावर रेघ सगळ्यांत जाड आहे. तिथून तळाकडे वळताना, डाव्या कोपऱ्यात, ती एकदम बारीक झाली. आणि दंडाला मिळायला निघाली तशी पुन्हा भरली. आता वर मात्रा देतो. मात्रा डावीकडे भरदार सुरू झाली आणि दंडाला टेकताना निमुळती झाली. मी काही ठरवून केलं का? नाही. बोरूनं केलं. उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ जाड, डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक, हा देवनागरीचा कायदा आहे. रोमन लिपीच्या रुंद टोकाच्या लेखणीत हाच कायदा बरोबर उलटा लागतो, कारण तिथे टोक उलट्या बाजूला तिरपं धरलेलं असतं.

हे नीट लक्षात ठेवा, कारण बोडोनीचं जाड-बारीक याच्याहून वेगळं आहे. त्याच्या अक्षरात उभ्या रेघा भरघोस आणि आडव्या रेघा केसाएवढ्या. अक्षराच्या पायाशी आणि डोक्याशी जी छोटी आडवी पावलं असतात, ज्यांना सेरिफ म्हणतात, तीही केसाएवढी. ही रेघ रुंद लेखणीतून आलेली नाही. दाबलं की फाकणारी टोकदार निब आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरणारा हात, यांच्या सवयीतून ती आली. आता हाच नियम कुणी डोळे मिटून देवनागरीला लावला तर काय होईल? आडवी रेघ बारीक करायची म्हणजे शिरोरेघ बारीक करायची. शिरोरेघ हा आपल्या ओळीचा कणा. तीच गेली तर ओळ उभी राहायची कशावर? म्हणून देवनागरीत डौलदार अक्षर घडवायचं तर बोडोनीची नक्कल चालत नाही. बोरूकडे परत जावं लागतं.

या दोन जगांची गाठ एका ठिकाणी जवळजवळ पडली होती, ते सांगण्याचा मोह मला आवरत नाही. जांबात्तिस्ता बोडोनीचा जन्म १७४० सालचा. अठराव्या वर्षी तो रोमला गेला आणि तिथल्या धर्मप्रसार संस्थेच्या छापखान्यात कामाला लागला. जगभरच्या लिप्यांचे खिळे बाळगणारा तो छापखाना. १७६६च्या सुमारास बोडोनीनं रोम सोडलं आणि १७६८ साली पार्माच्या ड्यूकच्या छापखान्याचा तो प्रमुख झाला. इकडे रोमच्या त्याच छापखान्यातून १७७१ साली नागरी लिपीची ओळख करून देणारं लॅटिन पुस्तक निघालं. सुट्या खिळ्यांनी छापलेल्या देवनागरीचा तो अगदी आरंभीचा नमुना. पाच वर्षांचं अंतर राहिलं. बोडोनीच्या हातून नागरीचा ठसा घडला असता तर तो कसा दिसला असता, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. पण तो घडला नाही, आणि एका अर्थी बरंच झालं. आपल्या अक्षराला आपल्याच माणसाचा हात लागायचा होता.

तो हात लागायला वेळ लागला. १८०५ साली विल्यम केरीचं मराठी व्याकरण बंगालमध्ये श्रीरामपूरला छापलं गेलं. तिथल्या खिळ्यांमागे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांची कारागिरी होती. त्याच वर्षी मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापली गेली. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना आला आणि टॉमस ग्रॅहम यांनी तिथे मराठी खिळ्यांवर मेहनत घेतली. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर पंचांग छापलं. शिळाप्रेसमध्ये लेखनिकाचं अक्षर जसंच्या तसं कागदावर येतं, म्हणून त्या काळच्या शिळाछापाच्या पोथ्या पाहिल्या की बोरूचं जाड-बारीक थेट दिसतं. खिळ्यांत मात्र ते अजून उतरत नव्हतं. अक्षर वाचता येई, पण ते अवघडून उभं असे.

आणि मग जावजी दादाजी आले. जन्म १८३९. घरची गरिबी. शाळेचं शिक्षण नाहीच म्हणावं इतकं. पोरवयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागलेला हा मुलगा. खिळे घासायचे म्हणजे काय? ओतून आलेल्या शिशाच्या खिळ्याच्या कडांना राहिलेला कचरा काढून त्याच्या बाजू सपाट करायच्या. दिवसभर अक्षर उलटं पाहायचं, बोटांनी चाचपायचं. पुस्तकाच्या पानावर अक्षर वाचण्याआधी ज्यानं ते धातूत हाताळलं, असा हा माणूस. १८६४ साली त्यांनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला, १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू हे ठसे कापणारे. जावजींचं नाव मोठं झालं, पण माझ्या लेखी ते अक्षर राणोजींच्या बोटांतून आलेलं आहे.

राणोजींचं काम कसं चाले ते जरा जवळून पाहू. पोलादाची बोटभर लांबीची चौकोनी सळई घ्यायची. तिच्या टोकावर, म्हणजे नखाहूनही लहान जागेत, अक्षर उलटं कोरायचं. आधी अक्षराच्या पोटातल्या पोकळ्या ठोकून खोल करायच्या, मग कानशीनं आणि कोरणीनं बाहेरची बाजू उतरवत न्यायची. मधून मधून सळईचं टोक दिव्याच्या ज्योतीवर धरायचं. त्यावर काजळी धरते. ते कागदावर दाबलं की अक्षराचा काळा ठसा उमटतो. तो पाहायचा, कुठे रेघ जड झाली, कुठे वळण मोडलं ते हेरायचं, आणि परत कानस. एकदा जास्त घासलं गेलं की भरून काढायची सोय नाही. नवी सळई घ्यायची. ठसा मनासारखा झाला की पोलादाला पाणी द्यायचं आणि तो तांब्याच्या तुकड्यात ठोकायचा. त्या खोलगट साच्याला मातृका म्हणतात. मातृका साच्यात बसवून वर शिसं, अँटिमनी आणि कथिलाचा रस ओतला की एक खिळा तयार. इंग्रजी मजकुराचं काम शंभर-सव्वाशे खिळ्यांत भागतं. जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या, रफार धरून देवनागरीला कित्येकशे लागतात. प्रत्येकासाठी वेगळा ठसा.

आणि इथेच माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे. हे कित्येकशे ठसे एकदा कापून भागत नसे. प्रत्येक आकाराला वेगळे कापावे लागत. ग्रेट आकाराचा 'क' वेगळा, पायकाचा वेगळा, टिपांसाठीच्या बारीक टाइपाचा वेगळा. वेगळा म्हणजे नुसता लहान नाही. मोठ्या आकारात बारीक रेघ खरोखर बारीक ठेवता येते, कारण तिला दिसायला जागा असते. लहान आकारात तीच रेघ त्याच प्रमाणात बारीक केली तर शाईखाली दडपते किंवा छापलीच जात नाही. म्हणून जाणता कारागीर लहान अक्षरात बारीक रेघ थोडी जाड ठेवतो, अक्षराचं पोट थोडं मोकळं करतो, दोन अक्षरांत किंचित जास्त अंतर सोडतो. वाचणाऱ्याला वाटतं तेच अक्षर लहान झालं. खरं तर ते नव्यानं घडवलेलं असतं.

वर्धा जिल्ह्याला सुताचा नंबर समजावून सांगायची गरज नाही. बारीक नंबरच्या सुताचं धोतर विणतात, त्या सुताची सरकीची बोरी कुणी शिवत नाही. सुतात खोट नसते, कामाची निवड चुकलेली असते. डौलदार अक्षराचं तंतोतंत तसंच आहे.

निर्णयसागरची पुस्तकं या दृष्टीनं कधी पाहा. १८८६पासून पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली काव्यमाला ही संस्कृत ग्रंथमाला निघू लागली. मूळ श्लोक मोठ्या टाइपात, टीका लहान टाइपात, तळटिपा त्याहून बारीक. एका पानावर तीन आकार, आणि तिन्ही वाचता येतात. संस्कृतची लांबलचक जोडाक्षरं, एकाखाली एक बांधलेली, तरी शाईचा गोळा होत नाही. काशीच्या पंडितांपासून युरोपातल्या विद्यापीठांपर्यंत संस्कृतच्या अभ्यासकांनी ही पुस्तकं का मानली? पाठ शुद्ध होते म्हणून, हे खरंच. पण पाठ शुद्ध आहे हे ज्या अक्षरातून दिसायचं ते अक्षरही तितकंच स्वच्छ होतं. संस्कृतात एक अनुस्वार उडाला तर अर्थ उडतो. आणि अनुस्वार तर उडत असत! खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबणारे रफार, मात्रा, अनुस्वार यंत्राच्या दाबाखाली तुटत. कोणत्याही जुन्या मराठी पुस्तकात अशी बिनमात्रेची, बिनअनुस्वाराची जागा सापडेल. निर्णयसागरनं ती तूट कमीत कमी ठेवली, हे त्या कारखान्याच्या शिस्तीचं फळ आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. छापील नागरीच्या इतिहासात वर्ध्याला एक जागा आहे आणि ती आपण फारशी सांगत नाही. १९३६ साली वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. समितीच्या कामात असलेले काकासाहेब कालेलकर लिपिसुधारणेच्या विचारानं भारलेले होते. इ, ई, उ, ऊ, ए ही स्वतंत्र अक्षरं सोडून 'अ'लाच वेलांटी, उकार, मात्रा द्यायची, म्हणजे अि, अी, अु, अू, अे, अशी ती पद्धत. समितीच्या पुस्तकांत ती प्रत्यक्ष छापली गेली. पवनारला विनोबांनी लोकनागरी या सुधारित लिपीचा पुरस्कार केला. ही माणसं असं का करत होती? कारण लिनोटाइप, मोनोटाइप, टंकलेखन यंत्र दारात उभी होती आणि यंत्राला कित्येकशे अक्षरं परवडत नव्हती. लोकमान्य टिळकांनीही त्याआधी खिळ्यांची संख्या कमी करण्यावर बराच खल केला होता. गरीब देशाला स्वस्त छपाई हवी, खेड्यातल्या माणसाला लवकर वाचता यावं, ही तळमळ त्यामागे होती. तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण मला एक सांगावंसं वाटतं. त्या सगळ्या चर्चेत अक्षरं मोजली गेली, अक्षरांची अंगकाठी मागे राहिली. किती खिळे वाचले, याचा हिशेब झाला. डोळ्याला काय झालं, याचा झाला नाही. १९५३च्या लखनौ परिषदेनं तर ऱ्हस्व वेलांटी डावीकडून उचलून उजवीकडे, आखूड दंडाची अशी लिहावी, असं सुचवलं. वाचणाऱ्यांनी ते स्वीकारलं नाही आणि काही वर्षांत ते मागे घ्यावं लागलं. यंत्रासाठी लिपी वाकवायची की लिपीसाठी यंत्र सुधारायचं? पुढे संगणक आला, एका फॉन्टमध्ये हवी तितकी अक्षरं मावू लागली, आणि हा प्रश्न यंत्रानंच मिटवला. ज्या अडचणीसाठी लिपीचे अवयव कापायला निघालो होतो ती अडचण पन्नास वर्षंसुद्धा टिकली नाही.

गांधीजी मात्र या बाबतीत वेगळ्या बाजूनं विचार करत. स्वतःचं अक्षर खराब राहिल्याची खंत त्यांनी आत्मकथेत मांडली आहे. मुलांना आधी चित्र काढायला शिकवावं आणि मग अक्षर, असं त्यांचं मत होतं. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमचा पाया घातला गेला, त्यामागेही हाताला वळण लागल्याशिवाय बुद्धीला वळण लागत नाही ही धारणा होती. अक्षर हे आधी चित्र आहे, ही गोष्ट मला पुष्कळ लिपिसुधारकांच्या तक्त्यांपेक्षा मोलाची वाटते.

वर्ध्याचा आणखी एक धागा आहे, कागदाचा. मगनवाडीत कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघानं हातकागद तयार केला. तो कागद हातात घ्या. खरखरीत, सच्छिद्र, शाई पिणारा. त्यावर केसाएवढी रेघ छापली तर? एक तर ती कागदाच्या खळग्यात हरवेल किंवा पसरून जाड होईल. आता अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या जॉन बास्करव्हिलकडे पाहा. त्याला बारीक रेघेचं अक्षर छापायचं होतं. नुसतं अक्षर घडवून तो थांबला नाही. गुळगुळीत कागद वापरात आणला, शाई स्वतः तयार केली, छापलेली पानं तापलेल्या पत्र्यांमध्ये दाबून घेतली. बोडोनी त्याच्या पुढे गेला. त्यानं समास इतके रुंद ठेवले की अक्षराला मोकळा श्वास मिळाला. त्याच्या अक्षरांचा मोठा नमुनाग्रंथ त्याच्या पत्नीनं, त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १८१८ साली प्रसिद्ध केला. म्हणजे कागद, शाई, समास आणि अक्षर यांचा एकत्र संसार असतो. हातकागदावर ठसठशीत, सारख्या जाडीचं अक्षर हवं. गुळगुळीत कागदावर डौलदार. दोन्ही सुंदर. एकाची जागा दुसऱ्याला दिली की दोन्ही बिघडतात.

मग मराठीत या अक्षराचं पुढे काय झालं? छपाईचा मान राखणारी घरं होती. मौजेच्या छापखान्यात वि. पु. भागवतांनी पुस्तकाचं पान ही संपादनाइतकीच गंभीर गोष्ट मानली. मोठ्या आकारातलं डौलदार अक्षर चित्रकारांच्या हाती गेलं. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं आठवा. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं वर्तमानपत्राच्या जाहिरातीत अशी लिहिली की शीर्षकाच्या वळणावरून नाटक ऐतिहासिक की विनोदी ते कळावं. ते २०२०मध्ये गेले. मोठ्या अक्षरात जाड-बारीक खेळवण्यात त्यांचा हात धरणारे फार थोडे.

पुस्तकाच्या आतल्या अक्षराची मात्र परवड झाली. ती का झाली, ते सांगतो. खिळ्यानं छापताना कागदावर दाब बसतो आणि शाई कडेला थोडी पसरते. म्हणजे राणोजींनी कापलेली रेघ छापल्यावर किंचित जाड होऊन कागदावर येई, आणि हे त्यांना माहीत असल्यामुळे ते ती आधीच बारीक कापत. ऑफसेटमध्ये तसा दाब नाही. धातूतल्या बारीक रेघा जशाच्या तशा संगणकावर उतरवल्या तर त्या कागदावर भुकेल्या दिसतात. शिवाय संगणकानं एक सोय दिली, एकच चित्र वाटेल त्या आकारात वापरायची. आठ पॉइंटला तेच, ऐंशी पॉइंटला तेच. राणोजींनी प्रत्येक आकाराला जो वेगळा विचार दिला होता तो एका फटक्यात पुसला गेला. लोक म्हणाले, जुनं अक्षर वाचवत नाही. अक्षर वाचवत होतं. त्याचा आकार हरवला होता.

रघुनाथ कृष्ण जोशींचं 'मंगल' हे संगणकावरचं अक्षर तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे, नाव माहीत नसलं तरी. विंडोज २०००पासून बरीच वर्षं ते संगणकात आपोआप येत असे. र. कृ. हे सुलेखनाचे मोठे उपासक. तरी 'मंगल'मध्ये त्यांनी जाड-बारीक आवरतं घेतलं, कारण त्या काळच्या जाड ठिपक्यांच्या पडद्यावर बारीक रेघ टिकलीच नसती. ही जाणकाराची निवड होती. त्या अक्षराला पडद्यावर काम दिलं होतं; आपण ते पत्रिकांवर, पुस्तकांवर, फलकांवर नेलं आणि मग ते रुक्ष आहे म्हणून बोलू लागलो.

गेल्या दहा-बारा वर्षांत चित्र बदलतं आहे, हे आनंदानं सांगतो. 'रोझा वन' नावाचा फॉन्ट आला, जाड आणि बारीक यांतला फरक अगदी टोकाला नेलेला, देवनागरी आणि रोमन दोन्हींत. तो मथळ्यासाठीच आहे. परिच्छेदाला लावू नका. ग्रंथासाठी 'टिरो देवनागरी' आहे. त्याच्या मराठी आवृत्तीत निर्णयसागरच्या परंपरेचा अंश स्पष्ट दिसतो. मुंबईच्या एक टाइप या गटाचं 'मुक्त' रोजच्या वाचनासाठी चांगलं. तिन्ही फुकट मिळतात. २०१६मध्ये फॉन्टचं असं तंत्र जाहीर झालं की आकार लहान झाला की बारीक रेघ आपोआप भरावी, मोठा झाला की पातळ व्हावी, असं एकाच फॉन्टमध्ये बसवता येतं. म्हणजे राणोजी कानशीनं जे करत होते ते करायची सोय परत आली आहे. मराठीत ती पुरी वापरणारं काम अजून व्हायचं आहे. इथे बसलेल्या मुलामुलींपैकी कुणी ते का करू नये?

वापराबद्दल आता चार शब्द, अगदी रोखठोक. लग्नाची पत्रिका, पुस्तकाचं नाव, कवितेचं पान, शाळेच्या वार्षिकाचं मुखपृष्ठ, मानपत्र, दिवाळी अंकाचे मथळे: इथे डौलदार अक्षर खुशाल वापरा. मोठं वापरा, भोवती जागा सोडा, आणि एका पानावर एकच वापरा. त्याला सोनेरी कडा, सावली, फुगवटा देऊ नका. त्याचा दागिना त्याच्या अंगातच आहे. लांबून वाचायची पाटी मात्र त्याला देऊ नका. पुलगाव-आर्वी नॅरोगेजवर आपल्या रोहण्याचं स्टेशन होतं. रेल्वेची पिवळी पाटी आणि तिच्यावरची जाडजूड, सारख्या भरणीची काळी अक्षरं कशासाठी असतात? धावत्या डब्यातून, धुरातून, तिन्हीसांजेला वाचता यावीत म्हणून.

आणि जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे तर अजिबात नको. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणं अनेक होती. मी ती अक्षरावर ढकलत नाही. पण कीटकनाशकाच्या बाटलीवरचा मजकूर एकदा वाचून पाहा. मुंगीच्या आकाराचा टाइप, दाटीवाटी, चकाकत्या कागदावर. ज्याच्या हाताला औषध लागलेलं आहे आणि डोळ्यावर ऊन आहे त्या माणसानं तो वाचायचा आहे. तिथे सरळ, भरीव, मोकळ्या पोटाचं अक्षर हवं आणि ते मोठं हवं. ही मागणी आपण ग्राहक म्हणून, ग्रामसभा म्हणून केली पाहिजे.

एक मराठी बाब राहिली. आपला ल दोन पाकळ्यांचा. हिंदीचा ल दंडाचा. आपला श वेगळा, त्यांचा वेगळा. राज्य शासनानं २००९मध्ये वर्णमालेचा निर्णय काढून मराठी वळणं ठरवून दिली. तरी बहुतेक छपाईत हिंदी ल येतो, कारण फॉन्टमध्ये तो आधी बसवलेला असतो. काही फॉन्टांत मराठी ल आतच असतो. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की तो पुढे येतो. जाड-बारीक अक्षरात तर दोन पाकळ्यांचा ल फार खुलतो. प्रेसवाल्याला सांगून पाहा. तो करून देईल.

शेवटी आपल्या गावाचं नाव घेऊ. 'रोहणा' हे नाव जुळवायला सोपं नाही. 'रो'ला मात्रा आणि काना, 'ह'चं अंग सगळं वळणांचं आणि आतून रिकामं, आणि 'णा'ला उभ्या दंडांची रांग. डौलदार अक्षरात उजवी बाजू काळी पडते आणि मधला 'ह' फिका दिसतो. म्हणून 'णा'चे दंड किंचित हलके करावे लागतात आणि 'ह' दोन्ही बाजूंनी थोडा आत घ्यावा लागतो. बाहेरच्या टेबलावर मी हे नाव वेगवेगळ्या अक्षरांत, वेगवेगळ्या आकारांत छापून ठेवलं आहे. काही हातकागदावर, काही गुळगुळीत कागदावर. सोबत बोरू, दौत आणि कोरे कागद आहेत. ज्यांनी गुरुजींच्या हाताखाली कित्ता गिरवला त्यांनी आधी लिहावं, मुलांनी त्यांच्या शेजारी बसावं. ग्रामपंचायतीच्या नव्या पाटीसाठी यांतलं कुठलं अक्षर घ्यायचं, ते सरपंचांनी आणि तुम्ही मिळून टेबलापासून वीस पावलं मागे उभं राहून ठरवा. मी तिथेच थांबतो आहे. प्रश्न असतील ते विचारा.